पलीकडून आलेला माणूस

आमच्या मावसाजींइतका रस्त्यांवर अविश्वास असलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आजवर झालेला नाही, आणि हे मी माझ्या एम.ए.च्या पदवीला स्मरून लिहिते. पदवीचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या माहेरच्या आणि आजोळच्या अशा दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि मला त्याचा अभिमान आहे. तो लपवण्याइतकी मी अजून शिकलेली नाही. मावसाजींनाही त्याचा अभिमान आहे. "तू तं ग्रॅज्युएट हायस, तूच सांग," असं म्हणून ते मला कुठलीही गोष्ट विचारतात. मी सविस्तर सांगते. ते मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग चपला पायात सरकवतात आणि तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी विचारायला बाहेर पडतात. हा दुसरा माणूस शिकलेला असावा, शहाणा असावा, ओळखीचा असावा, अशी त्यांची काहीच अट नसते. तो फक्त तिकडून आलेला असावा लागतो.

जिथं जायचं आहे तिथून आज आलेला माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा मावसाजींचा जगण्याचा एकमेव नियम. नकाशा, वेळापत्रक, मोबाईल, बातम्या, सरकारी फलक हे सगळं त्यांच्या लेखी ऐकीव. गोल बाजारात वांगी आणायला निघाले तरी ते चंद्रपुरातल्या तुकूम भागातल्या आपल्या घराच्या फाटकात पिशवी घेऊन उभे राहतात. भरली पिशवी घेऊन येणारी एखादी बाई दिसली की रस्ता अडवून विचारतात, "काय वो बाई, बाजारातून आली न? कसा काय हाय बाजार?" बँकेत जाताना ते बँकेतून बाहेर पडणाऱ्याला गाठतात. लग्नात पहिल्या पंगतीतून हात धुवून आलेल्या माणसाकडून वरणाची हकिगत कळेपर्यंत ते दुसऱ्या पंगतीला बसत नाहीत. एका वर्षी आम्ही सगळे मार्कंड्याची जत्रा पाहायला जीप करून निघालो. मावसाजींनी वळणावर जीप थांबवली आणि परतणाऱ्या लोकांना एकेक करून विचारायला सुरुवात केली. ते इतकं मन लावून विचारत राहिले की शेवटी एक फुगेवाला उरलेले फुगे घेऊन आला आणि म्हणाला, "आता काई नाई राह्यलं भाऊ तिथी, उठली जत्रा." मावसाजी अतिशय समाधानाने जीपमध्ये येऊन बसले. "पाय, इचारलं म्हणून बरं झालं. नाई तं फुकट गेलो असतो."

पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तर त्यांनी कहर केला. डॉक्टर समजावून थकले, मावशी रडून थकली. मावसाजी पलंगावर बसून एकच म्हणत होते, "आतून आलेला एक माणूस दाखवा." शेवटी डॉक्टरांनी आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या एका पानवाल्याला चाकाच्या खुर्चीवर बसवून त्यांच्यासमोर आणलं. दोघांचं बराच वेळ हळू आवाजात बोलणं झालं, आणि मावसाजी स्वतःहून उठून चालत ऑपरेशनला गेले. मावशीचं म्हणणं असं की तिच्या लग्नाच्या वेळीही हेच झालं होतं. "मले कुठी पाह्यलं या माणसानं? आमच्या गावाहून आलेल्या बसचे टायर पाह्यले अन् हो म्हणलं."

टायरचं हे मावशी थट्टेत म्हणते, पण त्यात खोटं काही नाही. मावसाजींची सगळी नोकरी आरोग्य खात्यात, आणि त्यातली बरीचशी भामरागडला गेली. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की पूल पाण्याखाली जातो आणि गाव उरलेल्या जगापासून तुटतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. अशा वेळी भामरागडच्या वाटेवरच्या आलापल्लीच्या स्टँडवर उभे असलेले लोक कोणाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, भामरागडकडून आलेल्या गाडीच्या टायरकडे पाहतात. टायर कुठवर ओलं आहे, चिखल ताजा आहे की वाळलेला, त्यात पाला अडकला आहे का, यावर नाल्यावर किती पाणी आहे ते ठरतं, आणि ते ठरल्यावरच लोक पिशव्या उचलतात. सगळेच हे करतात. फरक इतकाच की इतर लोक पावसाळा संपला की सोडून देतात. मावसाजींचा पावसाळा बारा महिने चालतो.

असा हा माणूस परदेशात गेला, आणि त्याला तिथं घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर आली.

झालं असं की मावसाजींची एकुलती एक लेक प्रणाली, माझी मावसबहीण, थायलंडला गेली. तिथल्या उत्तरेकडच्या चियांग माय नावाच्या शहरात ती धानाच्या बियाण्यांवर संशोधन करते. आमच्या झाडीपट्टीची मुलगी, धान सोडून दुसऱ्या कशावर संशोधन करणार? तिथं तिला तिच्याच प्रयोगशाळेतला आर्थित नावाचा मुलगा आवडला. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा, आमच्यासारखाच बौद्ध, अबोल. मावशीने फोनवर त्याचं हसणं पाहिलं आणि होकार दिला. मावसाजींनी मात्र ना होकार दिला ना नकार. "पाहू," एवढंच म्हणाले. लग्नाची तारीख ठरली तरी ते 'पाहू'वरच होते. मावशी लग्नाच्या तयारीत मदत लागेल म्हणून पंधरवडाभर आधीच तिकडे गेली. मावसाजी तेव्हा तिच्याबरोबर जाणार होते, पण त्यांना नागपुरात थायलंडहून आलेला माणूस वेळेवर सापडला नाही. मग ठरलं की लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्यांना घेऊन पोचायचं. निघताना मावशीने फोनवर मला बजावलं, "हे पाय, इथल्या लग्नात सकाळी मोठी माणसं पोरा-पोरीच्या हातावर पाणी सोडतात. थेच लग्न. बापाच्या हातचं पाणी नाई पडलं तं पोरगी जलमभर बोलून दाखवणार नाई, पण मनात ठेवन. त्याईले येळेवर आणजो." मी म्हटलं, "मावशी, मी आहे ना." ग्रॅज्युएट माणसाने असं वाक्य कधी बोलू नये.

बँकॉकला आम्ही सकाळी उतरलो. तिथून चियांग माय म्हणजे साधारण चंद्रपूरहून पुण्याइतकं लांब. विमान तासाभरात पोचवतं, रेल्वे रात्रभर घेते, बसही रात्रभर घेते. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे विमानात बसायचं आणि दुपारच्या जेवणाला मावशीच्या हातचा भात खायचा, इतका हा सरळ हिशेब होता. पण प्रणाली आपल्या वडिलांना ओळखून होती. तिने पुढचं तिकीट काढलंच नव्हतं. फोनवर म्हणाली, "ताई, पप्पा कशानं येतो म्हणते ते सांग, मी इथून बुक करते. जबरदस्ती नको करू. उत्तरेत पाऊस सुरू हाय हे त्याले मालूम झालं काय?"

मालूम झालं होतं. विमानात शेजारी बसलेल्या नागपूरच्या व्यापाऱ्याने ते सांगितलं होतं, आणि विमान उतरेपर्यंत मावसाजींचा चेहरा आलापल्लीच्या स्टँडवरचा झाला होता.

"मावसाजी, विमानाला पाऊस काय करणार? ते वरून जातं."

"वरून जाते, पण उतरते तं खालीच न?"

"रोज एवढी विमानं उतरतात तिथं."

"उतरत असन. पण आज उतरलं का? कोण पाह्यलं?"

म्हणून आम्ही देशातली विमानं जिथं येतात त्या दारापाशी जाऊन उभे राहिलो. चियांग मायहून विमान आलं. लोक बाहेर पडले. पांढरे बूट, इस्त्रीचे कपडे, हातात कॉफीचे पेले. मावसाजींनी प्रत्येकाच्या पायांकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडत गेला. "कोरडे हायत," ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो. पण ते पुढे म्हणाले, "यायले काय मालूम होईन रस्त्याचं? हे तं आले म्हणजे नुसते आले. मधातलं याईनं काई पाह्यलंच नाई." हे त्यांचं म्हणणं मी खूप वेळ खोडून काढलं. उदाहरणं दिली, आवाज चढवला, पदवी काढली. ते मान हलवत ऐकत होते, आणि मला त्या मान हलवण्याचा अर्थ लहानपणापासून माहीत होता. तेवढ्यात मावशीचा फोन आला. "बसले काय वो विमानात?" मी म्हटलं, "बसतोच आहोत." हे मी त्या दिवशी तिला तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या जागी उभी राहून.

दुसरी जागा रेल्वे स्टेशनची. तिथं निदान रुळांवरून, म्हणजे जमिनीवरून आलेली माणसं भेटतील, असा मावसाजींचा विचार. उत्तरेकडची गाडी उशिरा आली. त्या एका गोष्टीने माझा जीव खाली-वर झाला, कारण रात्रीची गाडी अशीच उशिरा पोचली तर हातावरचं पाणी वाळून गेलेलं असणार. मावसाजींनी मात्र फलाटावर उतरणाऱ्यांतून बरोबर एक म्हातारे भन्तेजी हेरले, हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि अस्सल चंद्रपुरी मराठीत विचारलं, "भन्तेजी, तिकडून येऊन राह्यले न? कसं काय हाय?" भन्तेजी गोड हसले. मावसाजींनी पुन्हा विचारलं. ते आणखी गोड हसले, दोन शब्द पुटपुटून आशीर्वाद दिला आणि निघून गेले. मला तो फार शुभ संकेत वाटला. मावसाजी गंभीर झाले. "सांगण्यासारखं असतं तं सांगितलं असतं. नुसते हासून गेले म्हणजे काई तरी हाय तिकडं." दरम्यान मी खिडकीवर जाऊन चौकशी करायचा प्रयत्न केला. माझी इंग्रजी त्या खिडकीतल्या बाईच्या इंग्रजीला भेटायला गेली आणि दोघी रस्ता चुकल्या. हाती एवढंच लागलं की आजच्या गाडीत झोपायची जागा नाही.

दुपार गेली. आकाश भरून आलं. मावसाजी एका हातात चिवड्याचा डबा आणि खांद्याला दोरीची गुंडाळी घेऊन (दोरी त्यांनी चंद्रपूरहून आणली होती, "नाल्यावर कामी येते") बँकॉकच्या फुटपाथवर उभे होते. मी मनातल्या मनात मावशीला काय सांगायचं ते जुळवत होते. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला. वाटलं, या माणसाला पोचायचंच नाहीये. लेकीचं लग्न त्यांना मान्य नाही, तोंडाने बोलता येत नाही, म्हणून हे सगळे पाऊस आणि टायर. मी तसं बोलूनही गेले.

"मावसाजी, खरं सांगा. तुमच्या मनात जायचं आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोरीची गुंडाळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "जायचं हाय म्हणूनच तं इचारून राह्यलो वो," ते म्हणाले. "ज्याले जायचं नसते थो काहाले इचारन?"

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणून कोणी बोलत नाही. प्रणाली अंगावर पीत होती, नुकती भात खाऊ लागली होती, तेव्हाची. मावसाजी भामरागडहून अहेरीला मीटिंगला गेले होते. निघताना तिला ताप होता. परतायच्या दिवशी त्यांच्या साहेबाने फोनवर चौकशी करून सांगितलं, रस्ता चालू आहे, जा. ते नदीपाशी पोचले तेव्हा पूल दिसत नव्हता, फक्त पाणी दिसत होतं. मोबाईल नव्हते. पलीकडे बायको आणि तापाने फणफणलेली लेक, अलीकडे हे. किती दिवस ते तिथं बसून राहिले हे मावशी एक सांगते, मावसाजी एक सांगतात. एका सकाळी पलीकडून एक माडिया आदिवासी माणूस लाकडी डोंगा वल्हवत आला. त्याची बोली यांना अर्धवट येत होती. मावसाजींनी हाताने लहान मूल दाखवलं, कपाळावर हात ठेवून दाखवला. त्या माणसाने थोडा विचार केला. मग दोन हात जोडून गालाखाली ठेवले, म्हणजे झोपली. आणि पाच बोटं तोंडाशी नेली, म्हणजे खाल्लं. मग हसला. मावसाजी म्हणतात, "जगात मले त्या दिवशी एकच माणूस खरा बोलला." तेव्हापासून हे सगळं.

संध्याकाळी आम्ही बसच्या स्टँडवर आलो. स्टँड कसला, अर्धं चंद्रपूर मावेल एवढं मैदान. उत्तरेच्या शेवटच्या एक-दोनच गाड्या उरल्या होत्या आणि खिडकीतल्या मुलाने हात हलवून सांगितलं की जागा नाही. मी पायरीवर बसले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. मावशीचा फोन वाजत होता आणि मी तो उचलत नव्हते. प्रणालीचा मेसेज आला, 'कशानं?'

तेवढ्यात एक दुमजली बस आत वळली, आणि तिच्या पाटीवर इंग्रजीत चियांग माय लिहिलेलं मी मावसाजींना दाखवायच्या आत ते तिच्यापाशी पोचले होते. बसमधून माणसं उतरायच्या आधी मावसाजी पुढच्या टायरसमोर उकिडवे बसले होते. चष्मा कपाळावर, नाक टायरला लागलेलं. बोटाने त्यांनी चिखल खरवडला, चोळला, वास घेतला. मग मागच्या टायरकडे गेले. मी धावत जाईपर्यंत एक गणवेशातला माणूस शिट्टी फुंकत आला. खांद्यावर दोरी घेऊन बसच्या चाकांशी काहीतरी करणारा परदेशी माणूस, त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल! मी इंग्रजीत समजावू लागले, त्याने आणखी जोरात शिट्टी फुंकली. चार लोक जमले. मला डोळ्यांसमोर पोलीस ठाणं दिसलं, आणि त्या ठाण्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडलेली दिसली.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्यात ताईत. त्याने शिट्टीवाल्याला हाताने थांबवलं आणि मावसाजी काय करतात ते पाहत राहिला. मावसाजींनी वर पाहिलं. बसल्या बसल्या त्यांनी एक हात घोट्यापाशी ठेवला, मग गुडघ्यापाशी, मग कमरेपाशी, आणि भुवया उंचावल्या. किती?

ड्रायव्हर चटकन त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. त्याने मागच्या टायरवरची चिखलाची रेघ दाखवली, हात पोटरीच्या खाली ठेवला, एक बोट वर केलं. एकाच ठिकाणी. मग तळहात जमिनीला समांतर ठेवून लांबवर नेला. बाकी सगळं कोरडं. मावसाजींनी त्याला ती खूण पुन्हा करून दाखवायला लावली. त्याने केली. मग मावसाजींनी खिशातून मोबाईल काढून प्रणालीचा फोटो दाखवला आणि गळ्यात हार घातल्यासारखं केलं. ड्रायव्हरने एक हात वाकडा करून दुसऱ्या हातावर पाणी सोडल्यासारखं केलं, विचारलं, हेच ना? मावसाजी म्हणाले, "हव!" थाई माणसाला 'हव' कळलं. तो उठला, खिडकीतल्या मुलावर ओरडला, दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली, आणि सुटायच्या बेतात असलेल्या गाडीत सगळ्यात मागे, सामानाच्या जाळीखाली, आमच्या दोघांची सोय झाली. निघताना मावसाजींनी त्याला चिवड्याचा अख्खा डबा दिला.

"आता कसं?" मी विचारलं.

"आता काय? आता झालं. माणूस आला तिकडून." असं म्हणून त्यांनी दोरीची गुंडाळी उशाला घेतली आणि बस शहराबाहेर पडायच्या आत घोरू लागले. ती सगळी रात्र मी एकटीने काढली. मध्येच रस्त्यात ट्रक आडवा झाला म्हणून बस कितीतरी वेळ उभी होती. या गाडीचा ड्रायव्हर नको तेव्हा बोलत होता आणि हवं तेव्हा गप्प होता. मी खिडकीला डोळे लावून बसले होते. माझ्या शेजारी आयुष्यभर काळजी केलेला माणूस तोंड उघडं टाकून निवांत झोपला होता, आणि त्याने दिवसभर वाहिलेली काळजी जशीच्या तशी माझ्या मांडीवर ठेवलेली होती. पहाटेपर्यंत मला कळून चुकलं की आम्ही उशिराच पोचणार. आणि नंतर हेही कळलं की त्या दिवशीची सगळी विमानं वेळेवर उतरली होती. रेल्वेसुद्धा आमच्या आधी पोचली. लग्नाला जे पाहुणे बँकॉकहून आले त्यांच्यात सगळ्यात शेवटी आम्हीच आलो. मावसाजींची निवड प्रत्येक बाजूने चुकीची होती, हे मी इथं नोंदवून ठेवते, कारण ते स्वतः कधीच कबूल करणार नाहीत.

चियांग मायच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा चांगलं ऊन आलं होतं. मी पिशव्या ओढत दाराशी आले आणि थबकले. खाली प्रणाली उभी होती. सोनेरी रेशमी लुगड्यासारखं काहीतरी नेसलेली, केसांत पांढरी फुलं, पायात मात्र रबरी चपला. शेजारी पिकअप गाडी, तिच्या चाकाशी आर्थित, तोही नवरदेवाच्या पोशाखात. नंतर मावशीने सांगितलं, विमानतळावर कोणाला पाठवायचं हा प्रश्नच निघाला नव्हता. प्रणाली पहाटेच म्हणाली होती, "पप्पा बसनंच येईन. मीच जाते. दुसऱ्या कोणाले पाठवलं तं थो गाडीत बसणार नाई."

मावसाजी बसच्या पायरीवर उभे राहिले. खाली उतरेनात. लेकीकडे पाहत होते, त्या मुलाकडे पाहत होते. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विचारायचं विसरला होता.

प्रणाली पुढे आली. "पप्पा," ती म्हणाली, "मी आत्ताच तिकडून आली. रस्ता चांगला हाय."

मावसाजींनी तिच्या रबरी चपलांकडे पाहिलं. त्यांना लाल माती लागली होती, वाळलेली. त्यांनी ती नीट पाहिली. मग खाली उतरले आणि आर्थितच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाल गा मंग." त्या मुलाला एक शब्द कळला नसणार, त्याने लगेच पिकअपचं दार उघडलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आत भन्तेजी बसले होते आणि त्रिशरण सुरू होतं. शब्द तेच, पण लांब ओढलेले, वेगळ्याच सुरातले, जणू आपल्या घरची माणसं दुसऱ्या गावचे कपडे घालून बसली आहेत. मावसाजी दाराशीच थबकले. दोन ओळी ऐकल्या, ओळखल्या, आणि मग तिथंच हात जोडून आपल्या तुकूमच्या विहारातल्या चालीत, मोठ्या आवाजात सुरू झाले. सगळं घर वळून पाहू लागलं. मावशीने डोक्यावर हात मारला. पण मोठ्या भन्तेजींनी डोळे उघडले, थोडे थांबले, आणि यांची ओळ पूर्ण होऊ दिली. मुलाकडच्या मोठ्या माणसांनी मुलीच्या बापासाठी म्हणून पाण्याचा शंख तसाच थांबवून ठेवला होता. मावसाजींनी तो हातात घेतला आणि लेकीच्या तोंडाकडे पाहत असा कलता केला की निम्मं पाणी जोडप्याच्या हातांवर पडलं आणि निम्मं मावशीच्या नव्या पातळावर. मावशी रडता रडता म्हणाली, "टायर धुवून राह्यले काय?"

याला आता काही वर्षं झाली. प्रणालीला मुलगी झाली. मावसाजी रोज तिच्याशी व्हिडिओवर बोलतात, नातीला पाहतात, आणि फोन ठेवला की म्हणतात, "हे तं वरूनच झालं. मधातलं काई दिसत नाई." चंद्रपुरात कोणी सहलीला थायलंडला जाऊन आलं असं कळलं की ते संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसतात. ते लोक समुद्राच्या गोष्टी सांगतात, बाजाराच्या सांगतात, फोटो दाखवतात. चियांग मायच्या बाजूलाही कोणी गेलेलं नसतं. मावसाजी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतात, चहा पितात, आणि परत येतात. मावशी विचारते, "काय सांगितलं?" तर म्हणतात, "नाई, थो तिकडला नव्हता."

मागच्या सुट्टीत मी प्रणालीकडे जाऊन आले. जाताना विमान, येताना विमान. मी ग्रॅज्युएट आहे. नागपूरहून चंद्रपूरला उतरले आणि माझं घर आधी लागत असूनही रिक्षा सरळ तुकूमला घ्यायला सांगितली. मावसाजी फाटकातच उभे होते. हातात पिशवी होती, पण बाजाराच्या वाटेकडे पाठ होती. मी सगळं सांगायचं जुळवून आणलं होतं: नात कशी चालते, काय बोलते, जावई आता मराठीत भात मागतो. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. ते हळूच खाली बसले, गुडघ्यांवर हात टेकून, आणि त्यांनी माझ्या बॅगेचं चाक फिरवून पाहिलं. प्रणालीच्या अंगणातली लाल माती त्यात अडकून वाळली होती. त्यांनी ती बोटाने खरवडली, चोळली, आणि हात तसाच मिटून घेतला.

"रस्ता चालू हाय न वो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. दोन्ही हात जोडून गालाखाली ठेवले. मग पाच बोटं तोंडाशी नेली.

"चालू हाय, मावसाजी," मी म्हटलं.